रसा, रसातळ आणि हरवलेला 'ए'

मागे एका परिषदेत शेजारच्या पोस्टरपाशी उभ्या असलेल्या बाईंच्या गळ्यातल्या कार्डावर नाव वाचलं: रसा. मी उत्साहाने म्हणाले, "हे तर संस्कृत!" त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही, लिथुआनियन. अर्थ दव." मी जनुकांचे वंशवृक्ष काढते. साम्य दिसलं म्हणून एकातून दुसरं जन्मलं असं म्हणू नका, हे ज्युनिअर्सना मीच सांगते. आणि मीच घसरले!

लिथुआनियन आणि लाटव्हियन दोन्हींत 'रसा' म्हणजे दव, आणि मुलीचं नावही. लॅटिनमध्ये दव म्हणजे 'रोस'. आपल्याकडे रस, शिवाय ऋग्वेदातली रसा नदी. पणींकडे जाताना सरमा जी ओलांडते ती. 'रसातळाला जाणे' यातही हीच रसा आहे. म्हणजे नातं खरंच आहे. पण ते आई-मुलीचं की बहिणींचं?

'दहा' हा शब्द घ्या. लॅटिन 'डेकेम', लिथुआनियन 'देशिम्त', संस्कृत 'दश'. मूळचा 'ए' संस्कृतने 'अ'मध्ये मिसळून टाकला, लिथुआनियनने जपला. आईकडे जे उरलंच नव्हतं ते मुलीकडे कुठून येणार? तेव्हा 'लिथुआनियन संस्कृतातून निघाली' असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवण्याआधी हा 'ए' आठवा. दोघी बहिणी आहेत.

आता व्याकरण. या नावाला आपल्यासारख्याच विभक्ती लागतात. 'रसाला' म्हणायचं तर दोन्ही भाषांत 'रसाइ'. 'रसाचं' मात्र लाटव्हियनमध्ये 'रसास' आणि लिथुआनियनमध्ये 'रसोस', कारण जुना दीर्घ 'आ' लिथुआनियनमध्ये 'ओ' झाला. हेच 'रसोस' अनेकवचनही आहे. लिहायला सारखं, फक्त षष्ठीत आघात शेवटी आणि अनेकवचनात सुरुवातीला. त्या अनेकवचनावरून लिथुआनियात जूनमधल्या सर्वांत लहान रात्रीच्या सणाला 'रसोस' म्हणतात. सोव्हिएत काळात, 1967 साली, केर्नावे इथे तो पुन्हा जाहीरपणे साजरा झाला. भाषा आणि लोकपरंपरा जपणाऱ्या तरुणांसाठी ती साधी गोष्ट नव्हती.

एक राहिलंच. नुसतं नाव घेताना आघात शेवटच्या अक्षरावर येतो: र-सा. हाक मारली की तो पहिल्यावर उडी मारतो. वैदिक संबोधनालाही स्वर असला तर तो पहिल्याच अक्षरावर असतो. मी त्या बाईंना निरोप देताना हाक मारली ती अर्थातच मराठी पद्धतीने, सपाट.