दिव्याचे वय

सारे विद्वान ज्या फूटपट्टीने मोजीत बसलेले असतात, ती फूटपट्टीच एखादा नवखा माणूस तपासायला घेतो, असे विज्ञानाच्या इतिहासात अधूनमधून घडते. दीर्घिकांच्या बाबतीत हे काम बिअट्रिस टिन्स्ली या विदुषीने केले. त्यांची हकीकत दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावी, असे मला वाटले.

टिन्स्लीबाई जन्मल्या १९४१ साली इंग्लंडात, वाढल्या न्यूझीलंडमध्ये. १९६३ साली पतीच्या नोकरीपायी त्या अमेरिकेत डॅलसला आल्या आणि तीनशे किलोमीटरवरील ऑस्टिनला खेपा घालीत १९६६ साली त्यांनी आपला प्रबंध पुरा केला. विषय होता, दीर्घिकांची उत्क्रांती.

विश्वाचे भवितव्य ठरविण्याची तेव्हा एक रीत होती. अ‍ॅलन सँडेज यांच्यासारखे ज्योतिर्विद दीर्घिकांच्या समूहांतील सर्वांत तेजस्वी दीर्घिका निवडीत. त्या सर्वांचे मूळ तेज सारखे धरले, की जी मंद दिसेल ती दूरची. या हिशेबाने विश्वाचे प्रसरण मंदावत जाऊन ते कधीतरी पुन्हा आकुंचन पावेल, असे उत्तर निघत होते.

आता असे पाहा. दिवेलागणीला लावलेल्या पणतीचा उजेड तेल सरत आल्यावर तेवढाच राहतो काय? टिन्स्लीबाईंचा प्रश्न इतकाच साधा होता. दीर्घिकेतले भारी, निळे तारे काही कोटी वर्षांतच जळून संपतात. सूर्यासारख्या ताऱ्याला मात्र सुमारे हजार कोटी वर्षे मिळतात. केव्हा किती तारे जन्मले, किती विझले, याचा जमाखर्च बाईंनी संगणकाच्या साहाय्याने मांडला आणि दीर्घिकेचे तेज व रंग वयाप्रमाणे पालटतात, हे दाखविले. दूरचा प्रकाश येथवर पोचायला अब्जावधी वर्षे लागतात. म्हणून दूरची दीर्घिका आपल्याला तिच्या तारुण्यातली, अधिक तेजस्वी अशी दिसते. हे ध्यानात न घेतल्यास ती आहे त्याहून जवळची वाटते, आणि प्रसरणाला बसलेला लगाम उगाच मोठा भासतो.

सँडेज यांना हे सहजी पटले नाही. पण १९७४ साली गॉट, गन व श्रॅम यांच्यासह टिन्स्लीबाईंनी निरनिराळे पुरावे एकत्र मांडले आणि विश्व प्रसरतच राहील, असा कौल दिला. १९९८ साली तर प्रसरणाचा वेग वाढतो आहे, असेच आढळले.

या विद्येची किंमत बाईंनी घरात मोजली. डॅलसमध्ये त्यांच्या योग्यतेची जागा मिळेना. १९७४ साली घटस्फोट झाला. दत्तक घेतलेली दोन्ही मुले पित्याकडे राहिली. पुढच्या वर्षी त्या येल विद्यापीठात गेल्या, १९७८ साली तेथे प्राध्यापक झाल्या, आणि त्याच वर्षी त्यांना त्वचेचा कर्करोग निघाला. उजवा हात चालेना, तेव्हा त्या डाव्या हाताने लिहू लागल्या. २३ मार्च १९८१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांचा अखेरचा निबंध त्यानंतर छापून आला.

२०२५ साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी ‘अलकनंदा’ नावाची सर्पिल दीर्घिका प्रकाशात आणली. विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचे असतानाची ती आहे. तिच्यात किती तारे, हे प्रकाशावरून ठरविताना जो जमाखर्च मांडावा लागतो, तो मांडण्याची वाट टिन्स्लीबाईंनीच पाडून ठेवली आहे.