आयर्न मेडन : जुने की नवे?

१९७५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल बँडने २००६ मधील ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा नवा अल्बम त्याच वर्षीच्या दौऱ्यात संपूर्ण वाजवला आणि चाहत्यांत दोन तट पडले. १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू झालेल्या जागतिक दौऱ्यात मात्र ‘फिअर ऑफ द डार्क’ (१९९२) वगळता सारी गाणी १९८०च्या दशकातील होती. नव्या रचना लांबलचक, हा एका पक्षाचा आक्षेप. जुनी गाणीही एकेकाळी नवीच होती, हे दुसऱ्याचे उत्तर. ‘सेंजुत्सु’तील (२०२१) अखेरची तिन्ही गाणी दहा मिनिटांहून मोठी असल्याने हा वाद मिटलेला नाही.