कार्ल्याची कोडी

चैत्रात आमचा गट एकवीरा आईला गेला. पायऱ्या चढून दम लागलेला, त्यात दर्शनाची ही रांग! आईचं देऊळ कार्ल्याच्या बौद्ध लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे. ओटी भरून बऱ्याच बाया तिथूनच माघारी फिरतात. आम्हीही इतकी वर्षं तेच केलं.

या खेपेला मात्र तिकीट काढून आत गेलो. सुमारे २००० वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेला हा चैत्य. दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा, छताला जुन्या लाकडी कमानी अजून आहेत. हे काम कुणा एका राजाचं नव्हे. ज्यांनी जे दिलं, त्यांची नावं तिथंच ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. त्यांत व्यापारी, यवन, भिक्षू आहेत, आणि बायाही. दर्शनी भागातला एक कठडा कोडी नावाच्या भिक्षुणीचं दान. लेखात तिची ओळख काय, तर घुणिकाची आई. घरदार सोडलं, तरी लेकराचं नाव सुटलं नाही. कठडा घडवणारा नंदिक, त्याचंही नाव आहे.

उतरताना आम्ही मोजलं, घराच्या उताऱ्यावर आपल्यातल्या कितीजणींचं नाव आहे. अकराजणींत तिघी निघाल्या.