डॉर्चेस्टरची टेकडी आणि इनामगांवची पांढर

इंग्लंडांत १८७१ सालीं बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला आणि वर्षांतले कांहीं सोमवार नोकरदारांस मोकळे मिळूं लागले. शनिवारीं दुपारीं निघावें आणि सोमवारीं रात्रीं परत यावें, एवढा अवकाश पदरीं पडला म्हणजे लंडनचा रहिवासी शहराबाहेर धांव घेतो. कोणी समुद्रकांठ गांठतो, कोणी एखादें पुरातन नगर पाहावयास जातो. हिंदुस्थानांतून तेथें विद्येसाठीं गेलेले तरुणही या प्रघातास अपवाद नव्हते. अशा भ्रमंतींतून बहुतेक जण चार छायाचित्रें आणि सांगण्याजोग्या दोन गोष्टी घेऊन परततात. क्वचित् एखादा मात्र पाहण्याची रीतच शिकून येतो. पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत इनामगांव म्हणून जें गांव आहे, त्याच्या पांढरीचा इतिहास आज उपलब्ध आहे तो अशाच एका विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यांतील श्रमांचें फळ होय.

हा विद्यार्थी म्हणजे हसमुख धीरजलाल सांकलिया. त्यांचा जन्म १९०८ सालीं मुंबईंत एका गुजराती कुटुंबांत झाला. नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहून त्यांनीं मुंबई विद्यापीठाची एम्. ए. पदवी मिळविली आणि पुढील अध्ययनासाठीं ते लंडनला गेले. तेथें त्यांनीं विषय घेतला होता गुजराथच्या पुरातत्त्वाचा. प्राचीन इतिहासाचा अभ्यासक म्हणजे ताम्रपट वाचणारा, नाणीं पारखणारा, देवालयें व मूर्ति यांचीं वर्णनें लिहिणारा, अशीच त्या काळीं सर्वसाधारण समजूत होती. मातींत हात घालणें हें मजुराचें काम मानलें जाई. सांकलियांच्या मनांतील हा पडदा दूर झाला तो लंडनच्या ग्रंथालयांत नव्हे; तो दूर झाला एका उजाड टेकडीवर.

लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारें सव्वाशें मैलांवर डॉर्चेस्टर नांवाचें एक लहान पण फार जुनें नगर आहे. रोमन लोक त्यास दुर्नोवारिया म्हणत. नगराच्या कडेला मॉम्बरी रिंग्ज या नांवाचें मातीचें मोठें कडें आहे. तें मुळांत अश्मयुगीन लोकांनीं रचलें आणि पुढें रोमनांनीं त्याचेंच प्रेक्षागार बनविलें. एका पिढीनें टाकलेली वास्तु दुसऱ्या पिढीनें उचलावी, याचें इतकें उघड उदाहरण क्वचितच पाहावयास मिळतें. तेथून दीड-दोन मैल चालत गेलें कीं मेडन कॅसल ही विस्तीर्ण टेकडी लागते. नांवांत किल्ला असला तरी तेथें दगडी बुरूज नाहींत कीं महादरवाजा नाहीं. माथ्यावर सुमारें ४७ एकरांचें मैदान आणि त्याभोंवतीं एकामागून एक मातीचे प्रचंड तट व खंदक, एवढाच तो किल्ला. राजगड-तोरणा पाहिलेल्या माणसास येथें पाहण्याजोगें कांहीं आहे असें प्रथम वाटणारही नाहीं.

या टेकडीवर मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर यांनीं १९३४ सालीं उत्खनन आरंभिलें. टेसाबाई १९३६ सालीं निवर्तल्या. काम १९३७ पर्यंत चाललें. हंगाम उन्हाळ्याचा असे, त्यामुळें सुटी लागलेले विद्यार्थी व हौशी स्वयंसेवक तेथें मोठ्या संख्येनें जमत. सहलीस आलेल्या लोकांसही खड्ड्याच्या कडेला उभें करून काम समजावून सांगण्यांत येई आणि त्यांच्याकडून वर्गणी घेतली जाई. खोदण्याचें शास्त्र लोकांपासून लपवून ठेवावयाचें नसतें, हा धडा तेथें आपोआप मिळत होता. सांकलियांनीं व्हीलर यांच्या हाताखालीं क्षेत्रकार्याचें शिक्षण घेतलें तें याच ठिकाणीं.

व्हीलर यांची रीत शेतकऱ्यास चटकन् समजेल अशी होती. जमिनीचे सारख्या मापाचे चौकोनी वाफे आंखावयाचे आणि दोन वाफ्यांमध्यें न खोदलेला बांध राखावयाचा. वाफा खालीं खालीं जाऊं लागला म्हणजे बांधाच्या उभ्या अंगावर मातीचे थर स्पष्ट दिसूं लागतात. हा जळक्या घराच्या राखेचा, हा पुराच्या गाळाचा, हा चोपून काढलेल्या जमिनीचा. प्रत्येक थरास क्रमांक द्यावयाचा, त्याचें चित्र काढावयाचें, आणि जी वस्तु निघेल तिच्यावर त्या थराचा क्रमांक घालावयाचा. वस्तु कितीही मोलाची असो, ती कोणत्या थरांतून निघाली हें ठाऊक नसेल तर ती मुकी होय. मेडन कॅसलच्या पूर्वेकडील वेशीपाशीं गोफणीच्या गोट्यांचा एक ढीग सांपडला, त्यांत बावीस हजारांहून अधिक गोटे होते. ते समुद्रकांठाहून मुद्दाम वाहून आणलेले. आपल्याकडे जोंधळ्याच्या माळ्यावर उभा राहून पांखरें हांकणारा पोरही असा गोटा ओळखील. पण तो कोणत्या थरांत, कोणत्या तटाच्या काळीं सांठविला गेला, हें कळलें तरच त्या गोट्यांतून लढाईची तयारी दिसूं लागते.

सांकलिया स्वदेशीं परतले. १९३९ सालीं पुण्याचें डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून नव्यानें सुरू झालें आणि ते तेथें अध्यापक झाले. १९४४ सालीं खुद्द व्हीलरच हिंदुस्थान सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होऊन आले. तक्षशिलेस त्यांनीं शिक्षणवर्ग चालविला आणि चार वर्षांत वाफ्यांची व बांधांची ती रीत देशभर रुजविली. महाराष्ट्रापुढें मात्र एक अडचण उभी होती. येथील लिखित इतिहास मौर्य-सातवाहनांच्या काळापासून सुरू होतो. त्यापूर्वीं या काळ्या जमिनींत कोण राहत होतें, या प्रश्नास पोथ्यांत उत्तर नव्हतें.

उत्तर पांढरींत होतें. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी चाल आहे : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेंकडों वर्षें माणसें एका जागीं नांदलीं, चुलींची राख, भिंतींची माती व शेण एकावर एक सांचत गेलें, म्हणजे जमीन पांढुरकी होते व उंचावते. वस्ती उठून गेली तरी टेंकाड राहतें. मेडन कॅसलवर ज्याची दृष्टि तयार झाली, त्यास अशा टेंकाडाचें मोल सांगावें लागत नाहीं. १९५०-५१ सालीं संगमनेर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं जोर्वें येथें खोदकाम झालें आणि तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेलीं, वाजविलीं असतां धातूसारखा नाद देणारीं मडकीं निघालीं. तेव्हांपासून त्या काळच्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीस जोर्वें हेंच नांव पडलें. त्यांचा संसार सबंध उलगडला तो मात्र इनामगांवीं.

इनामगांव पुण्याच्या पूर्वेस पन्नास-पंचावन्न मैलांवर घोडनदीच्या कांठीं आहे. पाऊस बेताचा, दुष्काळ पांचवीला पुजलेला. १९६८ सालीं डेक्कन कॉलेजनें येथील पांढरींत काम सुरू केलें आणि तें १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम चालविलें. सांकलियांच्या बरोबरीनें मधुकर केशव ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांनीं हा भार वाहिला. एखादा खोल खड्डा घेऊन थर मोजण्यावर न थांबतां त्यांनीं सबंध वस्ती उघडी करण्याचें ठरविलें. त्यामुळें १३० च्या वर घरें सांपडलीं. जळक्या धान्याची परीक्षा करण्यास वनस्पतिज्ञ आणि सांगाड्यांची परीक्षा करण्यास मानवशास्त्रज्ञ मिळाले. असें भाग्य क्वचितच एखाद्या खेड्याच्या नशिबीं येतें.

या खेड्याचें आयुष्य सुमारें नऊशें वर्षांचें, इ. स. पूर्वीं १६०० पासून ७०० पर्यंत. येथील लोक सातू, गहूं, डाळी, वाटाणा, तीळ पिकवीत. बोरें, जांभळें, आंवळे खात. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या पाळीत आणि हरणाची शिकार करीत. त्यांचीं घरें कुडाचीं, चौकोनी, आंत चूल व धान्याची कणगी. नदीच्या पुराचें पाणी वळवून घेण्यासाठीं त्यांनीं पाट खणला होता व त्यास दगडमातीचा बांध घातला होता. दुष्काळी मुलुखांत पाणी अडविण्याची विद्या किती जुनी आहे, हें यावरून दिसतें. कुंभार, सोनार अशा कारागिरांचीं घरें वस्तीच्या कडेला होतीं. वस्तीच्या मध्यभागीं पांच खोल्यांचें एक घर होतें आणि त्यास लागून धान्याचें कोठार.

या घराच्या अंगणांत जें दफन मिळालें तें सर्वांत विलक्षण. इतर प्रौढ माणसांस येथें उत्तरेकडे डोकें करून आडवें निजवीत आणि पुष्कळदां त्यांचीं पावलें घोट्याखालीं तोडीत. गेलेल्यानें घर सोडून जाऊं नये, अशी त्यामागील कल्पना असावी असें अभ्यासक मानतात. लहान मुलांस दोन मडक्यांत तोंडास तोंड जुळवून घराच्या जमिनीखालींच ठेवीत. लेंकरूं मेलें तरी घराबाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं, हें वाचतांना तीन हजार वर्षांचें अंतर नाहींसें होतें. परंतु या अंगणांतील पुरुषास चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणांत मांडी घालून बसविलें होतें आणि त्याचीं पावलें शाबूत होतीं. कोठाराशेजारचें मोठें घर व हा मान एकत्र पाहून ढवळीकर प्रभृतींनीं तो गांवचा प्रमुख असावा असा तर्क केला. ज्याच्या हातीं कोठार त्याच्या हातीं गांव, ही गोष्ट पुढील काळच्या पाटलासही अपरिचित नव्हती.

इ. स. पूर्वीं १००० च्या पुढें चित्र पालटतें. चौकोनी घरें जाऊन गोल, लहान झोंपड्या येतात. गव्हाचें प्रमाण घटतें, शिकारीच्या जनावरांचीं हाडें वाढतात. मडक्यांवरची कारागिरी उतरते. पाऊस हटला आणि शेतकऱ्यास हळूं हळूं भटक्या पशुपालकाचें जिणें पत्करावें लागलें, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. ऱ्हासाचें कारण हवामानच कीं आणखी कांहीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण खेडें कसें खंगत गेलें याचा हिशेब थराथरांत उरला आहे. पुढें ७०० च्या सुमारास तें ओस पडलें. येथें कोणी राजा हरल्याची खूण नाहीं, परचक्राची राख नाहीं. नुसत्या चुली हळूं हळूं विझत गेल्या. दुष्काळानें गांव सोडण्याचें दुःख महाराष्ट्रास नवें नाहीं. त्याची फार जुनी साक्ष इनामगांवानें दिली.

थरांचें काटेकोर टिपण कां ठेवावयाचें, याचें उत्तर मात्र पुन्हां त्या डॉर्चेस्टरच्या टेकडीनेंच दिलें आहे. पूर्वेच्या वेशीपाशीं निघालेले सांगाडे पाहून, त्यांतील एकाच्या मणक्यांत रुतलेलें लोखंडी टोंक पाहून, रोमन सैन्यानें येथें केलेल्या संहाराची ही स्मशानभूमि, असें व्हीलर यांनीं आपल्या १९४३ च्या ग्रंथांत मोठ्या रंगतदार भाषेंत लिहिलें. १९८५-८६ सालीं नायल शार्पल्स यांनीं त्याच टेकडीवर पुन्हां उत्खनन केलें. मृतांस पात्रांसह व्यवस्थित पुरलेलें आहे, सर्वच एका दिवसाच्या लढाईंत पडले असें म्हणतां येत नाहीं, असें मत त्यानंतर बळावलें. गुरूचा निष्कर्ष डळमळला. पण ज्या पुराव्यानें तो डळमळला, त्यांतील मोठा भाग गुरूच्याच नोंदींतला होता. इनामगांवचा सविस्तर अहवाल १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून उद्यां कोणी ढवळीकरांचा तर्क खोडून काढला तरी तो याच अहवालाच्या आधारानें काढील. १९८९ सालीं सांकलिया निवर्तले, त्यापूर्वीं हें काम पुरें झालेलें होतें.

आज महाराष्ट्रांतील पुष्कळ विद्यार्थी परदेशीं जातात आणि सुटी मिळतांच रोम, अथेन्स, एडिंबरो पाहून येतात. त्यांनीं जरूर जावें. तेथील लोक मोडक्या भिंतीसही कुंपण कां घालतात, तिच्याविषयीं शाळेंतल्या मुलांस काय सांगतात, हेंही पाहून घ्यावें. कारण आपल्याकडे पांढरीचीं टेंकाडें फार वेगानें नष्ट होत आहेत. कोणी धाब्यावर घालण्यासाठीं ती माती नेलेली आहे, कोणी खत म्हणून शेतांत पसरली आहे, कोठें यंत्रानें टेंकाडच सपाट झालें आहे. एक गाडी माती गेली कीं एखाद्या घराची चूल, कणगी व अंगण यांचा संबंध कायमचा तुटतो आणि मागाहून सांपडलेलें मडकें मुकें होतें. घरीं परतलेल्या विद्यार्थ्यानें आपल्या तालुक्यांतील पांढर कोठें आहे एवढें विचारावें, ती एकदां पायांनीं फिरून पाहावी, आणि तिच्यावर कुदळ पडण्यापूर्वीं गांवकऱ्यांस व पुरातत्त्व खात्यास कळवावें.