औषध कधी थांबवायचं?

द्राक्षगर्भात बाळाऐवजी वारेला द्राक्षांसारखे फुगे येतात. त्यातून, क्वचित बाळंतपणानंतरही, कोरिओकार्सिनोमा हा दुर्मीळ कर्करोग होतो. पूर्वी तो पसरला की बहुतेक बायका वाचत नसत.

आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने मेथोट्रेक्सेट हे औषध तयार केलं. १९५५-५६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. मिन चिऊ ली यांनी ते या बायकांना दिलं. फुप्फुसातल्या गाठी विरल्या. पण दिवस गेल्याचं ज्यावरून कळतं, ते संप्रेरक लघवीत थोडं उरलंच होतं. ते पूर्ण जाईपर्यंत ली औषध देत राहिले. त्यापायी त्यांची नोकरी गेली. पुढे दिसलं, की ज्यांचं औषध आधीच थांबवलं त्यांचा आजार परतला. लींनी शेवटपर्यंत औषध दिलेल्या बायका बऱ्या राहिल्या. १९७२ मध्ये लींना याच कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

आज वेळेत उपचार झाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात, अनेकींना पुढे मूलही होतं. म्हणून द्राक्षगर्भ काढलेल्या बाईला बरं वाटलं, तरी रक्ततपासणी चुकू नये, आणि डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा दिवस जाऊ नयेत. तिची तयारी असेल तर तपासणीच्या तारखा आपण गटात लक्षात ठेवू, आणि एकीने तिच्यासोबत जाऊ.