तुर्भ्याच्या खाडीत परकी माशी

गळाने मासे धरण्याच्या छंदातही सोवळे-ओवळे असते. त्यात सर्वांत कडक सोवळे 'फ्लाय फिशिंग' करणाऱ्याचे. गांडूळ, कोळंबी, कणकेची गोळी हे सारे त्याला वर्ज्य. आकड्यावर पिसे आणि रेशमी दोरा गुंडाळून तो पाण्यावरच्या किड्याची नक्कल करतो. ही खोटी माशी इतकी हलकी असते, की जड दोरीच्या झोक्यावरच ती लांब फेकता येते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या थंड, नितळ प्रवाहांत वाढलेली ही कला एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या सामानातून हिंदुस्थानात आली. सामान आले, पाणी मात्र मागेच राहिले.

असा एखादा शौकीन बदली होऊन ट्रॉम्ब्याला, म्हणजे जुन्या तुर्भ्याला आला तर त्याने काय करावे? अशा बदल्या इथे पुष्कळ झाल्या. १९५४ ते १९५६ या काळात अणुऊर्जेचे केंद्र, शेजारच्या माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि टाटांचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि देशभरातून माणसे आली. समोरची ठाण्याची खाडी खारी, गढूळ, दिवसातून दोनदा चढणारी-उतरणारी. इथला जिताडा हलत्या सावजावर झडप घालतो, शिंगाळा वासावर चिखल धुंडाळतो. पाण्यावर तरंगणाऱ्या किड्याचे अप्रूप दोघांनाही नाही. 'कोणती माशी लावू?' हा त्या शौकिनाचा प्रश्न. कोळीवाड्यात त्याआधी दुसरा प्रश्न येतो : आज तिथी कोणती? तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हे ज्ञान पेटीत भरून आणता येत नाही. ते तिथल्या माणसांकडूनच घ्यावे लागते.

हौसेचा गळ आपल्याकडे नवा नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणते आमिष आवडते, याची त्यात तपशीलवार नोंद आहे. राजाचा हा खेळही पाण्याच्या ओळखीपासून सुरू होतो.

साहेबांपैकी काहींनी ही ओळख करून घेतली. दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली मंगळूरहून 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढले. महसीर फळे, खेकडे, लहान मासे असे सारेच खातो आणि घशातल्या दातांनी चिरडतो. त्याच्यापुढे विलायती सवयी बदलाव्या लागतात. त्याआधी कर्नल विल्यम साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरला त्याने 'खुद्री' म्हटले; शिंगटीचे 'सींगटी' झाले. मराठी नावे लॅटिनच्या पंगतीला बसली. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्या नावांपुढे आजही साइक्सचे नाव लागते; ज्यांनी ती नावे त्याला सांगितली त्यांचे नाही.

दुसरा मार्ग अधिक सोपा होता. पाणी शिकण्यापेक्षा पाणीच आपल्यासारखे करून घ्यायचे. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून आणलेली ट्राउटची अंडी काश्मिरात जगली, आणि शौकिनाला आपली माशी पुन्हा कामी आणता आली. साहेब गेले तरी हा मोह गेला नाही. टाटांनी लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास केली. हेतू संवर्धनाचा होता आणि दख्खनच्या महसीरला त्याचा आधारही मिळाला. पण तिथले बीज कावेरीतही सोडले गेले. तो मासा तिथे फोफावला, आणि कावेरीचा मूळचा कुबडा महसीर मागे हटत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. त्याच्या ऱ्हासाला इतर कारणे आहेतच. पण बाहेरून आणलेला हा भाऊबंद त्यांतले एक मोठे कारण असल्याचे अभ्यासक सांगतात. दख्खनचा असला, तरी कावेरीत तो परकाच होता.

तुर्भ्यात नवा मासा कोणी सोडला नाही. इथे आलेल्यांनी पाणीच बदलले. भराव पडले, गाळ साचला, कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी खाडीत आले. डोल आणि पाग घेऊन पिढ्यानपिढ्या या पाण्यात उतरणाऱ्या कोळ्यांना त्याबद्दल आधी कोणी विचारले नाही. तिथीचे गणित अजून जुळते, कारण चंद्र आपली वेळ पाळतो. पण भरतीबरोबर मासाही येईल, अशी हमी त्या गणितात आता राहिलेली नाही.