चामडं ड्रायव्हरला, लोकर मालकाला

आज इंजिन नाही, मायलेज नाही. आज फक्त सीटबद्दल बोलायचं आहे.

गाडीच्या शोरूममध्ये गेलात की सेल्समन एक वाक्य हमखास म्हणतो, "सर, टॉप मॉडेलला लेदर सीट्स आहेत." म्हणजे बेस मॉडेलला कापड आणि पैसे जास्त मोजले की चामडं. हा क्रम आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय की तो कायमच असा असणार असं वाटतं. पण जुन्या आलिशान गाड्यांमध्ये हा क्रम बरोबर उलटा होता.

सुरुवात घोड्याच्या बग्गीपासून करू. कोचमन बाहेर, उघड्यावर बसायचा. ऊन, पाऊस, चिखल सगळं त्याच्या अंगावर. त्याच्या बैठकीला चामडं लावायचे, कारण ते पुसता येतं आणि लवकर फाटत नाही. मालक आत, बंद डब्यात. तिथे पाऊस येणारच नाही, मग मऊ, उबदार लोकरीचं कापड लावायला काय हरकत? थोडक्यात, चामडं हे कामाचं मटेरियल होतं आणि कापड हे आरामाचं.

मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या बॉडी बनवणारे कारागीर बग्ग्या बनवणारेच होते. त्यांनी हीच पद्धत पुढे चालवली. जुन्या लिमोझिनमध्ये पुढे ड्रायव्हरला चामडं, मध्ये काच आणि मागे मालकाला लोकरीचं कापड. एकाच गाडीत दोन वेगळी जगं! काही गाड्यांमध्ये तर ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्परही नसायचं.

मग हे उलटलं कसं? एक मोठं कारण म्हणजे मालक स्वतः स्टिअरिंगवर बसू लागला. उघड्या स्पोर्ट्स गाड्यांना चामडं लागायचंच, आणि त्या गाड्यांचा रुबाब त्या चामड्याला चिकटला. इंग्लंडमध्ये 1878 साली सुरू झालेली कॉनली ही कंपनी रोल्स-रॉइस आणि जॅग्वारला चामडं पुरवायची. ते चामडं आणि अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, हीच पुढे 'ब्रिटिश लक्झरी'ची ओळख झाली. अमेरिका मात्र बराच काळ कापडावर फिदा होती. 1974 च्या कॅडिलॅक फ्लीटवुड टॅलिसमनमधल्या गुबगुबीत वेलूरच्या सीट्स बघा, गाडीपेक्षा दिवाणखानाच वाटतो.

आणि मर्सिडीज? 1975 ते 1986 दरम्यान बनलेल्या डब्ल्यू 123 च्या कितीतरी गाड्यांमध्ये चामडं नव्हतंच. होतं एमबी-टेक्स, म्हणजे सरळ भाषेत व्हिनाइल. जर्मनीत याच गाड्या टॅक्सी म्हणून राबल्या. दिवसभर माणसं चढणार-उतरणार, तिथे टिकाऊ प्लास्टिकच कामाचं.

आपण अशा नकली चामड्याला रेक्झिन म्हणतो. हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर द्यायचा आणि वर चामड्यासारखी नक्षी उठवायची. ब्रँडचं नाव आपल्याकडे वस्तूचंच नाव होऊन बसलं.

आता माझी सगळ्यात आवडती गाडी, टोयोटा सेंच्युरी. 1967 साली आली. साकिची टोयोडांच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून हे नाव. या गाडीत लोकरीच्या सीट्सना मान आहे. कारण अगदी साधं: चामडं करकरतं, थंडीत गार पडतं, उन्हात चटका देतं. लोकर गप्प बसते. खिडक्यांना लेसचे पडदे. पुढच्या डाव्या सीटच्या पाठीचा मधला भाग उघडतो, म्हणजे मागच्या साहेबांना पाय लांब करता यावेत. 2018 च्या मॉडेलमध्येही लोकर स्टँडर्ड आणि चामडं ऑप्शन!

इंग्लंडच्या राणीला 2002 साली मिळालेली बेंटली स्टेट लिमोझिनही तशीच. मागच्या सीट्स लोकरी कापडाच्या, बाकी सगळीकडे चामडं. बग्गीचा नियम एकविसाव्या शतकातही जिवंत!

आणि आपल्याकडे? सरकारी अँबेसेडर आठवा. मागच्या सीटवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल. घाम टिपायला सोयीचा, पण रोज धुतलेला टॉवेल म्हणजे तो धुणारा माणूस हाताशी आहे, हेही त्यातून कळायचं.

मी सॉफ्टवेअर बनवतो. आमच्याकडे कोणत्याही डिझाइनला पहिला प्रश्न असतो, "युझर कोण?" या गाड्यांचं उत्तर फार स्पष्ट होतं. युझर मागे बसतो. पुढे बसून दहा-बारा तास गाडी चालवणारा माणूस हा यंत्राचाच एक भाग, म्हणून त्याला पुसता येईल असं मटेरियल. चामडं भारी की कापड भारी, हा वाद मला त्यामुळे थोडा फसवा वाटतो. मटेरियलची किंमत त्यावर कोण बसतं यावरून ठरत आली. माणसं जागा बदलतात तसा मटेरियलचा मानही बदलतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही गाडीत बसलात, की आधी ड्रायव्हरच्या सीटकडे बघा. कुणाच्या आरामाचा विचार झालाय आणि कुणाच्या नाही, ते तिथेच कळेल.